सोफा जिथल्या तिथे

"डॉक्टर, तुमच्या मशीनलाच चष्मा लावा," चष्मेवाले काका म्हणाले आणि स्वतःच हसले. जनावरांची डॉक्टरीण हसली नाही.

काकांच्या कुत्र्याच्या जातीत डोळ्यांचा एक आजार पिढ्यान् पिढ्या उतरत आलेला. त्यावर संशोधन चाललं होतं, म्हणून डॉक्टरणीने गावातल्या जातिवंत कुत्र्यांच्या गालांतून कापसाच्या काडीवर लाळ घेऊन तपासायला पाठवली. मास्तरचीही पाठवली. मास्तर म्हणजे काकांचा कुत्रा. चेहराच तसा, समोरच्याचं गणित चुकलंय असा. आणि आता ही बाई सांगत होती की आजाराची खोट मास्तरला आईकडूनही आलीय आणि बापाकडूनही.

"अशी कुत्री चार-पाच वर्षांची झाली की आंधळी होतात, काका. हा तर सात वर्षांचा आहे."

"मग चुकलंच ना तुमचं! रोज चेंडू झेलतो तो. अख्ख्या गावाचे डोळे तपासतो मी, माझ्या घरातलं मला कळणार नाही?"

"दोनदा तपासलंय. त्याच्या पिल्लांचंही बघायला हवं. खोट दोन्हीकडून आली तरच पिल्लू आंधळं होतं. पिल्लांची आई कोण होती?"

"त्याचीच भाची!" काकांची छाती फुगली. "रक्तात भेसळ नको म्हणून मीच निवडली."

डॉक्टरणीने कागदावर 'भाची' असं लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या, आणि त्या रेघा काकांना मुळीच आवडल्या नाहीत.

डोक्याचा पार भुगा होऊन ते घरी आले. दारासमोरच्या सोफ्याला सवयीने वळसा घातला. हा सोफा भिंतीला लावावा म्हणून काका दोन वर्षं भांडत होते आणि काकू काही केल्या ऐकत नव्हत्या. मास्तर शेपटी हलवत समोर उभा होता. सरळ त्यांच्याकडे बघत होता. बघत होता ना? काकांनी घाईघाईने चेंडू फेकला. मास्तरने उडी मारून तो हवेतच पकडला.

"घ्या!" काका ओरडले. त्यांचा जीव भांड्यात पडला.

"अहो, पण त्यात घुंगरू आहे," काकू म्हणाल्या.

काका चेंडूकडे बघत राहिले. मग त्यांनी खिशातून भिंगं पुसायचं फडकं काढलं, त्याचा बोळा केला आणि मास्तरच्या डोळ्यांसमोर अलगद सोडला. नाकावर पडल्यावर मास्तर दचकला. पुन्हा सोडला, पुन्हा दचकला.

"तुला ठाऊक होतं? म्हणून सोफा हलवू देत नाहीस?"

"मला कुठलं ठाऊक? सोफा हलवला की तो धडपडायचा, घाबरायचा. वाटलं, लाडावलाय. म्हणून सगळं जिथल्या तिथे ठेवते." काकूंनी मास्तरला जवळ ओढलं. "आंधळा असेल असं मनातसुद्धा आलं नाही हो."

दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकांना कोणावर रागवावं तेही सुचेना. यंत्र खरं, तर मग रोजचा तो चेंडू काय होता? आणि भाची? तीही याच रक्ताची. मास्तरचं मोठं पिल्लू चार वर्षांपूर्वी बेकरीवाल्याने नेलं होतं. काकांनी त्याला फोन लावला.

"काय म्हणतंय पिल्लू?"

"पिल्लू कसलं काका, घोडा झालाय! मजेत आहे एकदम."

काकांना हायसं वाटलं. फोन ठेवावा असंही वाटलं. पण बोळा अजून मुठीत होता.

"इतक्यात घरातलं सामान हलवलंय का हो?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" बेकरीवाला हसला. "कालच रंग दिला घराला. सगळं इकडचं तिकडे. आणि पठ्ठ्या सकाळपासून आपटतोय सगळीकडे! रंगाच्या वासाने डोकं फिरलं असेल, नाही का?"

काकांनी पायात चपला सरकवल्या.

"सामान होतं तिथे ठेवा," ते म्हणाले. "आत्ताच्या आत्ता. मी येतो, मग सांगतो."