वरचे पान कोणाचे

मित्रांनो, मी एक जुने काशाचे बोधचिन्ह आहे. जपानच्या किनाऱ्यावरच्या हिनोसे नगरपालिकेत, सभागृहाच्या भिंतीवर मी पन्नास वर्षे मानाने राहिलो. एक लाट, लाटेतून वर आलेली माशाची शेपटी आणि भोवती गोल कडे, असे माझे रूप. आज मी ओतकामाच्या कारखान्यात एका लाकडी खोक्यात पडलो आहे. उद्या सकाळी मला भट्टीत घालणार आहेत. ज्याच्यामुळे ही वेळ आली त्याच्याविषयी मी गोड बोलणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

१९५५ साली हिनोसे नव्याने नगर झाले, तेव्हा माझा जन्म झाला. चिन्हासाठी स्पर्धा ठेवली होती आणि बासष्ट चित्रे आली होती. त्यांत शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांचे चित्र पहिले आले, आणि त्यावरून याच कारखान्यात मला ओतले. त्याआधी भिंतीवर एक लाकडी चिन्ह होते. त्याला काढून झाडूंच्या खोलीत ठेवले. मला तेव्हा त्याचे वाईट वाटले नाही. खरे तर बरेच वाटले.

मग माझे सुखाचे दिवस सुरू झाले. अग्निशमन दलाच्या कोटांवर मी, शाळेच्या प्रशस्तिपत्रांवर मी, रस्त्यावरच्या गटारांच्या लोखंडी झाकणांवर मी. कचऱ्याच्या पिशव्यांवरही मीच होतो, पण ते मी फारसे सांगत नाही. दर नववर्षाला शिपाई शिडीवर चढून मला मऊ फडक्याने पुसायचा. पुढे शिपाई निवृत्त झाला आणि ते काम कुणाच्याच वाट्याला आले नाही. माझ्यावर हिरवट थर चढला. तरी सभेला येणारा प्रत्येक जण आधी माझ्याकडे पाहून मान लववायचा, आणि तेवढे मला पुरत होते.

२००५ साली सरकारी हुकमाने हिनोसे, मिकुमा आणि कुरेया या तीन गावांचे मिळून एक शहर करायचे ठरले. शहराचे नाव अकिनामी. नव्या शहराला नवे चिन्ह हवे, म्हणून पुन्हा स्पर्धा जाहीर झाली. ती चालवायचे काम कुवाबाराबाईंकडे आले. या आमच्या नगरपालिकेतल्या कारकून, कामाला वाघ आणि बोलायला शेळी. त्यांनी नियमांचा कागद माझ्याच खाली चिकटवला. कुणीही चित्र पाठवावे, निवड होईपर्यंत नाव झाकलेले राहील, वगैरे वगैरे. शेवटचा नियम मात्र मला फार आवडला. दहा सप्टेंबरपर्यंत निर्णय झाला नाही, तर सर्वांत मोठ्या गावाचे, म्हणजे हिनोसेचे, जुने चिन्हच तात्पुरते वापरावे.

तात्पुरते म्हणजे किती काळ, हे आम्हा सरकारी भिंतीवरच्यांना पक्के ठाऊक असते. त्या दिवसापासून ही स्पर्धा फसावी म्हणून मी देव पाण्यात घालून बसलो.

पण चित्रे आली, आणि किती यावीत? अकराशे त्रेचाळीस! माझ्या वेळी बासष्ट होती, हा आकडा मला आधीच टोचला. कुवाबाराबाईंनी ती क्रमांक घालून सभागृहात मांडली आणि येणाऱ्या प्रत्येकाला एक लाल टिकली दिली. आवडेल त्या चित्राखाली ती चिकटवायची. गावच्या गाव लोटले. ज्या लोकांच्या प्रशस्तिपत्रांवर मी जन्मभर मिरवलो, तेच लोक माझ्याकडे पाठ करून त्या कागदांपुढे उभे राहिले. एक बाई तर म्हणाली, "अगं बाई, किती गोड आहे हे! नाहीतर आपलं ते शेपूट."

शेपूट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

सर्वांत जास्त टिकल्या चारशे सतराव्या चित्राला पडल्या. एका गोलाभोवती तीन पाने, तिन्ही सारखी, तिन्ही एकाच बाजूला झुकलेली. एक निळे, एक हिरवे, एक केशरी. समुद्राचे हिनोसे, चहाच्या मळ्यांचे मिकुमा आणि पर्सिमनच्या केशरी फळांचे कुरेया. मी त्यात खोट शोधायला आठ दिवस घालवले. रेघ कुठे जाड, कुठे बारीक नव्हती. चित्र सुंदर होते, मित्रांनो, आणि म्हणूनच ते मला डोळ्यांसमोर नको होते.

खोट शेवटी माणसांनीच काढली. तीन गावांचे तीन प्रमुख सही-शिक्क्यासाठी माझ्या खाली जमले. तीन पानांपैकी एकच पान वर येणार, मग ते कुणाचे, असा प्रश्न पडला. आमच्याकडे अशा वेळी कुणी भांडत नाही. भांडले असते तर लवकर मिटले असते.

"वरचं पान मिकुमाचंच शोभेल, हातानोसाहेब," आमचे नगराध्यक्ष तोगाशी कमरेत वाकून म्हणाले. "वयानं तुमचं गाव थोरलं."

"छे छे, भलतंच काय! वस्ती तुमची जास्त. हिनोसे वर असू दे, आम्ही आपले खाली बरे," मिकुमाचे हातानो त्याहून खाली वाकून म्हणाले.

"आम्ही तर डोंगरातली माणसं," कुरेयाचे सरपंच एमोतो म्हणाले. "आम्हाला कुठंही टाका. गावात तोंड कसं दाखवायचं, ते माझं मी बघीन."

तिघेही वाकत राहिले, पण शिक्का एकानेही उमटवला नाही. अशा तीन बैठका झाल्या. चौथ्या बैठकीत तोड निघाली की ज्याने त्याने आपल्या कचेरीत आपले पान वर करून चिन्ह लावावे.

"साहेब, मग चिन्हं तीन होतील की," कुवाबाराबाई हळूच म्हणाल्या.

तेवढ्यात चहा आला. चहा छान झाला आहे, यावर तिघांचे एकमत झाले आणि ठरावावर शिक्के पडले.

आठवड्याभरात वरिष्ठ कचेरीतून ठराव परत आला. शहर एक असेल तर चिन्हही एकच नोंदवा, एवढेच त्यावर लिहिले होते. दहा तारखेला चार दिवस उरले होते. दुपारी कुवाबाराबाई एकट्याच सभागृहात भाताचा गोळा खात बसल्या. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुझंच नशीब जोरावर दिसतंय. अकराशे लोकांना आता मी काय उत्तर देऊ?" त्यांचे डोळे सुजलेले होते. तरी मला आनंदच झाला, खोटे कशाला बोलू!

पण त्या बाई हार मानणाऱ्या नव्हत्या. निवड झाल्यामुळे पाकीट फोडता येत होते. त्यांनी चित्रकाराचे नाव पाहिले आणि दुसऱ्या दिवशी त्या व्यक्तीला घेऊनच आल्या. चौसष्ट वर्षांच्या सोनोआजी, कुरेयाच्या. शरद ऋतूत पर्सिमन सोलून दोरीला वाळत घालायचे, हा त्यांचा धंदा. आजी तिन्ही प्रमुखांपुढे उभ्या राहिल्या आणि सगळा तिढा ऐकून खो खो हसल्या.

"अहो, तीन बायका टोपलीभोवती बसून फळं सोलतायत, असं काढलंय मी. टोपलीभोवती बसलेल्यांत वर कोण नि खाली कोण?"

"पण आजी, रंगावरून कळतं ना कोण कुठं आहे ते," तोगाशी म्हणाले.

"मग रंगच काढून टाका!" आजींनी थेट माझ्याकडे बोट केले. "याला आहे का रंग? तरी पन्नास वर्षं ओळखताच ना? झेंडा निळ्यावर पांढरा करा, आणि भिंतीवरचं असंच काशाचं ओता. वर कुठलं पान आलंय, ते कुणाच्या बापाला कळणार नाही."

तिघांनी वर पाहिले. इतक्या वर्षांत मला एवढे निरखून कुणी पाहिले नव्हते. आणि पाहिले ते कशासाठी, तर माझ्याच उदाहरणाने माझा काटा काढण्यासाठी! एमोतो म्हणाले, "धातू तरी नवा कशाला? तिन्ही गावांची जुनी चिन्हं वितळवू. वाटा सगळ्यांचा सारखा." त्यावर कुणी चहाचीही वाट पाहिली नाही. धडाधड शिक्के पडले. कुवाबाराबाई ओंजळीत तोंड लपवून रडल्या.

सप्टेंबरअखेरीस हिनोसेचा निरोपसमारंभ झाला. अंगणात गावाचा झेंडा शेवटचा उतरवला, तेव्हा माणसे हुंदके देऊन रडली. त्या झेंड्यावर असलेले चित्र माझेच, पण रडणे मिळाले कापडाला. मला दोन कामगारांनी पेचकसाने काढले आणि वर्तमानपत्रात गुंडाळले. या खोक्यात मिकुमाचे आणि कुरेयाचे चिन्ह माझ्याआधीच येऊन पडले होते. मिकुमाचे माझ्यापेक्षा बोटभर जाड आहे, हेही मला खटकले.

आज दुपारी कुवाबाराबाई सोनोआजींना घेऊन कारखान्यात आल्या. आजींनी मला दोन्ही हातांनी उचलले आणि आपल्या एप्रनने पुसायला लागल्या. पार तांबूस चकाकी दिसेपर्यंत पुसले.

"याला एवढं पुसताय, आजी? उद्या वितळवायचंय," कुवाबाराबाई म्हणाल्या.

"माझं माहेर हिनोसेचं, पोरी. चौदा वर्षांची होते तेव्हा त्या स्पर्धेत मीही चित्र पाठवलं होतं. मास्तर जिंकले, माझं परत आलं. शाळेत जाता-येता गटाराच्या झाकणावर हा दिसायचा, की मी मुद्दाम पाय आपटून जायची." आजी मला म्हणाल्या, "पन्नास वर्षं तुझा हेवा केला रे बाबा. तुझ्याइतकं चांगलं काढायचं म्हणूनच काढत राहिले."

मित्रांनो, मी काय सांगू! ज्या चित्राने मला भिंतीवरून खाली खेचले, ते माझ्याच हेव्यापायी काढले गेले होते. पन्नास वर्षे कुणीतरी माझा इतका मनापासून विचार करत होते आणि मला पत्ताही नव्हता. मी मात्र सहा महिने नुसता धुमसत राहिलो, आणि त्यातून एक रेघसुद्धा उमटली नाही.

म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. नवे जरूर आणा, स्पर्धा जरूर घ्या. पण जुने खाली उतरवताना ते दोन्ही हातांनी उतरवा आणि एकदा तरी पुसून घ्या. हेवा वाटला तर वाटू द्या, फक्त त्याला काहीतरी काम द्या. झाडूंच्या खोलीतल्या त्या लाकडी चिन्हाची मी इथूनच माफी मागतो.

आणि कधी अकिनामीला गेलात, तर सभागृहातल्या भिंतीवर काशाची तीन पाने दिसतील. त्यांतले कुठलेही एक निवडा आणि त्याच्याकडे इतर दोन पानांपेक्षा जरा जास्त वेळ बघा. ते माझेच, असे मी धरून चालेन.