मातीशिवायची वाळवी

रेघ नाही तर वाळवी नाही, हे औषधवाल्याचं ठाम मत. तीस वर्षं तो घरोघरी वाळवीचं औषध मारत होता. जमिनीतून भिंतीवर चढलेली मातीची रेघ दिसली की जोत्यालगत भोकं पाडून औषध ओतायचं. याबाबतीत तो कुणाचं ऐकून घेत नसे. सख्ख्या बहिणीचंही नाही.

ताईचं घर डोंगरावरच्या वस्तीत होतं. तिचा नवरा सुतार होता; तुळया, जिना, माळा, सगळं त्याच्या हातचं. तो गेल्यावर तिच्याकडे उरलं ते एवढंच. तीन वर्षांपूर्वी तिने खसखशीएवढे दाणे तळहातावर आणून दाखवले.

"तुळईखाली रोज पडतात रे."

"जुन्या लाकडाचा भुसा आहे, ताई. उगाच डोक्याला ताप करून घेऊ नकोस."

त्याने वाकून जोतं तेवढं पाहिलं. वर मान करायची त्याला सवयच नव्हती.

यंदा जिन्याची पायरी ताईच्या पायाखाली मोडली. ती थोडक्यात वाचली. मग कुठे हा शहाणा ते दाणे पुडीत बांधून कीटक तपासणाऱ्या बाईंकडे गेला.

"ही वाळवीची विष्ठा आहे," भिंगातून पाहून बाई म्हणाल्या. "ही जात लाकडातच घर करते आणि तेच खाते. मातीशी तिला देणंघेणं नाही. पूर्वी खाली उष्ण किनाऱ्यालाच असायची, वरच्या थंडीत टिकत नव्हती. आता थंडीच कुठे राहिली आहे?"

तो तडक ताईकडे आला आणि शिडीवर चढून त्याने तुळईत स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला. दुसरीतही गेला. तिसरीला हात लावायचा त्याला धीर झाला नाही.

"नवी पायरी बसवली की झालं ना?" ताईने खालून विचारलं.

हो म्हणून टाकावं, असं क्षणभर त्याला फार वाटलं.

"नाही, ताई. घर सोडावं लागेल. वाळवीच होती ती. मला ओळखता आली नाही."

ती भिंतीला टेकून बसली.

"शेजारीण म्हणाली होती, दुसऱ्या कुणाला तरी दाखव. माझ्या भावाला नावं ठेवते म्हणून तीन वर्षं मी तिच्याशी बोलले नाही."

"माझ्याकडे चल."

"नको," ताई म्हणाली, आणि चपला घालून शेजारणीच्या दाराकडे गेली.