राक्षस पलीकडं थांबलाय

मंठ्यात बियाण्याचं दुकान चालवणं सोपं आहे. मंठ्यात राक्षसाशी लढायला माणसं जमवणं अवघड. नमन दोन्ही करत होता. रविवारी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं, की मागच्या गोदामात सतरंजी अंथरून तो पोत्यांच्या थप्पीला टेकायचा आणि सूत्रधार व्हायचा. खेळ साधा होता. सूत्रधारानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी घेतलेल्या सोंगातून काय करणार ते बोलायचं, आणि जमलं की फसलं ते फाशानं ठरवायचं. पुण्याला इंजिनिअरिंग करताना नमननं मन लावून शिकलेली ही एकमेव गोष्ट. घरच्यांना अजून वाटायचं, तो मेकॅनिकल शिकला.

खेळाडू तिघं. चुलत बहीण पलक योद्धा झाली होती. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या प्रियदर्शनी मॅडम वैद्य होत्या. आणि शेजारच्या गावचा हरिओम, नमनचा शाळेपासूनचा दोस्त, गाडीवान होता. त्याच्या घरी आता ट्रॅक्टर होता. ट्रॅक्टर आला तेव्हा विकलेली बैलजोडी, हौश्या आणि ढवळ्या, त्यानं खेळात आणून गाडीला जुंपली होती.

पहिल्या रविवारी नियम एका पानात बसले. मग भांडणं झाली, आणि प्रत्येक भांडणावर नमननं एक नियम घातला. पलकची योद्धा दिवस मावळल्यावर जेवेना, म्हणून भुकेच्या नियमाला जैनांच्या चौविहाराचा पोटनियम लागला. मॅडमनी काढा उकळला, तर काढ्याला किती आटवायचं त्याचा तक्ता आला. झेरॉक्सवाल्यानं त्या नियमांच्या पुस्तकाचं बाइंडिंग करताना विचारलं, "कोणती परीक्षा?" नमन म्हणाला, "जागा निघाल्यात." खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

मग गाडी नदीवर आली. राक्षस पलीकडच्या काठावर होता. नमननं पुस्तक उघडलं. पाण्याची ओढ, गाडीतलं ओझं, चाकांची रुंदी, बैलांचा स्वभाव. नदीवरचा पहिला रविवार ओढ काढण्यात गेला, दुसरा ओझ्यात. तिसऱ्या रविवारी चाकाशी आल्यावर हरिओमनं फासा खाली ठेवला.

"नमनशेठ, तो राक्षस म्हातारा होऊन मरंल तिकडं."

"नियम नको का? मग कुणीही काहीही करेल."

"करू दे की! मी दिवसभर फवारणी करून आल्तो, अन् तू मला चाकाचं गणित घालून राह्यला. पुढच्या रविवारी हे पुस्तक दिसलं तर मी येत न्हाई. बिलकुल न्हाई."

नमनला आठवडाभर दुकानात चैन पडलं नाही. हरिओम गेला की मॅडम जाणार, कारण त्या त्याच्याच मोटारसायकलमागं स्कूटी लावून अंधाराच्या आत घरी पोचायच्या. मग उरणार पलक, आणि पलकशी भांडायला खेळ लागत नव्हता. दुसरा गाडीवान मंठ्यात कुठून आणायचा? गिऱ्हाईकाला फवारणीचा पंप दाखवताना त्यानं एकदा विचारूनही पाहिलं. गिऱ्हाईकानं पंप न घेताच काढता पाय घेतला.

रविवारी तो रिकाम्या हातानं बसला.

"पुस्तक?" पलकनं विचारलं.

"नाही. म्हणाल ते होईल."

हरिओम खुलला. "मंग माझे बैल उडाले. गाडीसकट. नदी पार!"

"उडाले," नमन कडू औषध घेतल्यासारखा म्हणाला.

"राक्षसानं पाहिलं," पलक म्हणाली, "त्याला पसंत पडले. मी विकून टाकले."

"काय विकले?"

"उडते बैल. राक्षसाला."

हरिओम सतरंजीवरून उठलाच. "अगं ए, हौश्या-ढवळ्या विकले? मला न विचारता?"

"म्हणाल ते होईल ना?"

"असा इकतेत का बैल? दात पाह्यले? अंगावरचा भोवरा पाह्यला? चालवून दाखवले? रुमालाखाली हात तरी घातला का कुणी?"

"हरिओमभाऊ," मॅडम हळूच म्हणाल्या, "नियम नाहीत ना आज."

"नियम न्हाई, रीत हाय ही!"

त्यानं खांद्यावरचा रुमाल काढून नमनच्या हातावर टाकला. "चल. तू राक्षस. मी माझे बैल वापस घेतो. बराबर बाजारासारखं."

"अरे, राक्षस समोर उभा आहे, मार ना त्याला," पलक म्हणाली.

"बाजारात इकणाऱ्याला मारतेत का?"

बैलबाजारात भाव बोटांनीच ठरतो, तशी रुमालाखाली हरिओमनं नमनची बोटं दाबली. मागून पुढं, पुढून मागं. बियाण्याच्या दुकानात भाव पाकिटावर छापलेला असतो. नमनला काही कळेना. गोंधळून त्यानं हरिओमची करंगळी धरली.

"ठरलं!" हरिओम ओरडला. "राक्षस लईच भोळा. फुकटात दिले."

नमननं सुस्कारा सोडला. बैल परत आले, गाडी पलीकडं पोचलेलीच, राक्षस हातभर अंतरावर. "आता जुंप आणि घाल अंगावर," तो म्हणाला.

"आज? आजच घेतलेला बैल आजच जुंपतेत? आधी पायावर पाणी, भाकर ओवाळून टाकायची, मंग वैरण. अन् उडून आलेत ते, दमले असतील. मॅडम, दमलेल्या बैलाला काय देतेत तुमच्या वैदकीत?"

"गूळ," मॅडम म्हणाल्या. "पण किती द्यावा, ते बघावं लागेल."

"बघा. लिहून ठेवा. नमन, कागद हाय का?"

"सोड ना यार," नमन म्हणाला. हे आपण म्हणतोय यावर त्याचाच विश्वास बसेना. "राक्षस थांबलाय."

"थांबू दे. ढवळ्याला गूळ खोबऱ्याबिगर जात न्हाई, तेबी लिव्ह."

नमननं बियाण्याचं रिकामं पाकीट फाडलं, उलटं केलं आणि पेन हरिओमपुढं सरकवलं. हरिओम लिहीत राहिला. पाकीट भरलं तेव्हा त्यानं मान वर न करता हात पुढं केला, आणि नमननं दुसरं फाडलं.