भाऊजींच्या हाती चालणारा स्कॅनर

मी एक जुना, रुंद काचेचा स्कॅनर आहे. माझे पांढरे अंग पिवळसर पडले असले, तरी काच मात्र लख्ख आहे, कारण ती रोज मऊ फडक्याने पुसली जाते. मित्रांनो, मी राहतो त्या कार्यशाळेत अधू पायांसाठी बूट बनतात. चामड्याचा आणि ते चिकटवायच्या सोल्युशनचा वास आता माझ्याही अंगाला लागला आहे.

काच, दिवा, आरसे आणि एक दातेरी पट्टा, एवढाच माझा संसार. उमेदीची वर्षे मी नकाशांच्या कचेरीत काढली. तिथे माझे कौतुक होते. पुढे माझ्या कंपनीने नव्या संगणकांसाठी माझा ड्रायव्हर काढणे बंद केले. ड्रायव्हर म्हणजे संगणक आणि माझ्यामधला दुभाषा. तो नसला की मी कितीही बोललो तरी संगणकाला ओ की ठो कळत नाही. मग मी कपाटावर चढलो आणि माझ्यावर फायली चढल्या.

तिथून मला भाऊजींनी सोडवले. बूट बनवणाऱ्या वहिनींचे हे धाकटे दीर. कार्यशाळेतल्या जुन्या संगणकावर त्यांनी लिनक्स नावाची मोफत प्रणाली घातली होती. ज्यांनी मला कधी पाहिलेही नव्हते अशा माणसांनी, केवळ हौसेने, माझ्या जातीच्या स्कॅनरांसाठी लिनक्सवर दुभाषा लिहून ठेवला होता. मला पुन्हा वाचा फुटली.

वहिनी गिऱ्हाइकाला कागदावर उभे करून पायाभोवती पेन्सिल फिरवतात. ती आकृती मी टिपतो आणि ती दुसऱ्या गावच्या कारखान्यात जाते. तिथे तिच्या मापाने बुटांचे तळवे कापले जातात. मोबाइलच्या फोटोत कडा तिरक्या पडतात, म्हणून हे काम माझ्याकडेच असे.

मग एके दिवशी संगणकाची प्रणाली अद्ययावत झाली, आणि त्याच आठवड्यात पोस्टमन आले. अपघातानंतर त्यांचा डावा पाय आखूड आणि वाकडा झाला होता. सोमवारी कामावर रुजू होऊन फेरी पुरी केली नाही, तर त्यांना कायमचे तिकिटांच्या खिडकीवर बसवणार होते.

“ताई, खिडकीत बसून मी वेडा होईन हो,” ते म्हणाले. “मला दारं लागतात. कुत्रीसुद्धा ओळखतात मला.”

वहिनींनी त्यांच्या पायाची आकृती काढली, माझ्यावर ठेवली, बटण दाबले. पडद्यावर उत्तर आले : उपकरण सापडत नाही.

भाऊजी धावत आले. त्यांनी माझी वायर काढली, पुन्हा लावली, काचेवर स्वतःचे ओळखपत्र टाकले आणि बटण दाबले. मी ते चोख टिपले.

“चालतंय की!” भाऊजी म्हणाले.

वहिनींनी पुन्हा आकृती ठेवली. मी गप्प.

“वहिनी, तुमच्या हातातच काहीतरी आहे बघा.”

“हो, हातात हातोडी आहे. एकदा चालवून बघू का त्याच्यावर?”

पोस्टमन हसले. “कागदच पाठवा म्हटलं असतं, पण टपाल वाटणाराच घरी बसलाय!”

सोमवार मात्र जवळ येत होता. तळवे कापून यायला, बूट शिवायला वेळ लागणार होता. भाऊजींनी इंटरनेटवर सापडले ते सारे ड्रायव्हर एकामागून एक घातले. आता एकाऐवजी चार दुभाषे माझ्याशी एकदम बोलू लागले आणि मी भाऊजींनाही दाद देईनासा झालो. “म्हातारा झालाय हा. भंगारात द्यावा लागणार,” असे ते म्हणाले, तेव्हा माझ्यापेक्षा पोस्टमनचाच चेहरा उतरला.

अखेर भाऊजींनी लिनक्स वापरणाऱ्यांच्या एका मंचावर लिहिले, ‘स्कॅनर चालत नाही, मिळाले ते सगळे ड्रायव्हर घालून पाहिले, मदत करा.’ कुणा अनोळखी बाईंचे उत्तर आले. ‘चालत नाही म्हणजे नेमका कधी चालत नाही? आधी हे वरून घातलेले सगळे ड्रायव्हर काढा. मग जो रोज वापरतो त्यालाच वापरू द्या आणि तुम्ही फक्त संगणक आपल्या कामाच्या ठेवतो त्या नोंदी वाचा.’

भाऊजींनी तिन्ही उपरे ड्रायव्हर काढून टाकले आणि मूळचा तेवढा ठेवला. नोंदींची खिडकी उघडली आणि हाताची घडी घालून बसले. वहिनींना काम करताना ते पहिल्यांदाच निवांत पाहत होते. वहिनींनी माझी वायर लावली, कागद काचेवर अंथरला, तळहाताने सुरकुती काढली, कोपरे चिकटपट्टीने बसवले. मापात तसूभर फरक पडू नये म्हणून त्या हे नेहमीच सावकाश करत. तेवढ्यात नोंदींत एक ओळ उमटली.

“थांबा वहिनी! संगणक याला झोपवतोय!”

खरोखर तसेच होते. नव्या प्रणालीने वीज वाचवण्यासाठी रिकाम्या बसलेल्या यंत्रांना झोपवायचे ठरवले होते. मला झोप लागे, पण माझ्या घडणीत हाकेसरशी जागे होणे नाही. भाऊजी वायर लावताच बटण दाबत, म्हणून मी त्यांच्या हाती जागा असे. भाऊजींनी संगणकाला एका ओळीत बजावले, की या यंत्राला झोपवू नये. मग वायर पुन्हा लावून वहिनींनी बटण दाबले आणि मी आकृती चोख टिपली.

“म्हणजे माझ्या हातात काही नव्हतं तर,” वहिनी म्हणाल्या.

“होतं ना. सबुरी होती. तीच माझ्याकडे नव्हती.”

“बरं, आता ती आकृती पाठवा, भाऊजी. माफी नंतर मागा.”

भाऊजींनी आकृती पाठवली, आणि मागोमाग मंचावर हा उपायही लिहिला. माझ्यासारखे आणखी कितीतरी कुठल्या कुठल्या टेबलांवर मुके पडले असतील.

मित्रांनो, आम्ही यंत्रे हट्टाने बिघडत नाही. आम्हाला म्हातारे ठरवण्याआधी आम्ही कधी थांबतो ते पाहा. एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि जे हात आम्हाला रोज वापरतात त्यांच्याकडे नीट लक्ष द्या.

सोमवारी सकाळी दारात नवे बूट वाजले. वहिनींनी आत बोलावले, पण पोस्टमन उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“बसायला सांगू नका, ताई,” पाकिटे पुढे करत ते म्हणाले, “अख्खी गल्ली व्हायचीय अजून.”