पडवीतला बिनधुराचा विस्तव

मित्रांनो, टोकावड्याच्या ढाब्यावर राबून काळा पडलेला मी एक जुना तंदूर आहे. पोट मातीचं आणि वरून पत्र्याच्या पिंपाचा अंगरखा. उभ्या आयुष्यात मी आगीला कधी घाबरलो नाही. पण गेल्या पावसाळ्यात जे पाहिलं, त्याने माझी पाचावर धारण बसली. अजून मी सावरलेलो नाही.

कुंभाराने चिकणमातीत बकरीचे केस आणि सुतळीचे तुकडे कालवून मला घडवलं. पुढे माळशेजच्या रस्त्यालगत एका ढाब्यावर माझी नेमणूक झाली. घाट चढणारे ट्रकवाले, एसटीचे ड्रायव्हर, धबधब्यात भिजून कुडकुडणारे सहलीचे लोक माझ्याभोवती हात शेकत उभे राहायचे. "रोटी खावी तर इथलीच," असं कुणी म्हटलं की माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं. मग ढाबा बंद पडला आणि माझी रवानगी मागे माजलेल्या टाकळ्याच्या झुडपांत झाली. पोटात पाणी साचलं, बेडकांनी संसार थाटला, आतली माती भेगाळली. कुणी ढुंकूनही पाहत नव्हतं. फार जिवाला लागलं ते.

एके दिवशी जवळच्या गावातली मेघा टेम्पो घेऊन आली आणि मला घरी घेऊन गेली. तिचा नवरा बुद्धभूषण मुरबाडला कंपनीत कामाला. पावसात घाटाकडे जाणाऱ्या लोकांसाठी रस्त्याकडेला रोटीची टपरी टाकायची, असं तिने मनात घेतलं होतं. तिची सासू चिमाबाई मला बघून पदरात तोंड लपवून हसली. "गो मेघा, या फुटक्या रांजणात काय शिजवनार तू?"

पण मला हातात घेतलं ते तिनेच. जन्मभर चुली घातलेली बाई ती! शेतातली माती भिजवली, भाताचं तूस घालून पायांनी मळली आणि अर्धी माझ्या पोटात वाकून एकेक भेग लिंपली. "केवडा खोल हायस रे बाबा," म्हणायची आणि आतून थोपटायची. मित्रांनो, इतक्या मायेने मला कुणी हात लावला नव्हता. मी तर त्या म्हातारीवर जीवच टाकला.

लिंपण वाळल्यावर मला हळूहळू तापवायचं होतं. एकदम जाळ केला तर नवी माती तडकते, म्हणून रोज थोडा कोळसा, दर दिवशी थोडा जास्त. पाऊस असल्याने मला पडवीत ठेवलं होतं. आमच्याकडे पावसाळ्यात पडवीला बांबूच्या ताट्या लावतात, वरून प्लास्टिक बांधतात, म्हणजे झड आत येत नाही. पडवीतच एक पांढरं करडू बांधलेलं होतं.

त्या दुपारी बुद्धभूषण कामावर होता आणि मेघा बाजारात गेली होती. वारा सुटला. ओल्या वाऱ्याने लिंपण बिघडेल म्हणून चिमाबाईने उरलेलं दारही ओढून घेतलं. चुलीचा धूर कोंडला की डोळे चुरचुरतात, मग दार उघडायचं, हे तिला पाठ होतं. माझ्यातल्या पेटलेल्या कोळशाला तर धूरच नव्हता. "सायबाचा विस्तव हाय हा! धूर नाय, काय नाय," असं कौतुकाने म्हणत तिने पाट माझ्याजवळ सरकवला.

थोड्या वेळाने ती कपाळ चोळू लागली. "डोकं का धरलंय आज?" करडू पाय दुमडून खाली बसलं, मग आडवं झालं. "निजलास का रे?" असं विचारत तिने जांभई दिली. आणि मी वेडा खुश झालो! माझ्या उबेने दोघांना डुलकी लागली, असं मला वाटलं.

पाणी प्यायला ती उठली आणि गुडघ्यांतून मोडल्यासारखी खाली कोसळली. ओठ हलले, आवाज फुटला नाही. करडाचं पोट हलायचं थांबलं होतं. मी माझ्या निखाऱ्यांकडे पाहिलं. लाल, देखणे, धुराचा मागमूस नाही. तेव्हा मला उमगलं की धूर दिसत नसला तरी माझ्यातून काहीतरी बाहेर पडतंय आणि तेच हिचा जीव घेतंय. मित्रांनो, पेटलेल्या अंगाला थंडगार घाम फुटला असता तर तो त्या क्षणी फुटला असता. मला ओरडता येईना. विझता येईना.

"आई, दार कशाला लावलंय?" बाहेरून मेघाचा आवाज आला. तिने दार ढकललं आणि किंचाळली. प्लास्टिक टराटरा फाडलं, सासूला काखेत धरून भर पावसात अंगणात ओढलं. शेजारचा केरू जीप घेऊन धावला. करडू जागचं उठलंच नाही.

संध्याकाळी बुद्धभूषण पहार घेऊन माझ्यापुढे उभा राहिला. "माज्या आयेला मारत व्हता हा!" खरं सांगतो, त्याने मला फोडावं असंच मला वाटत होतं. मेघाने पहार धरली. "आधी आईला घरी येऊ दे. मग ती सांगल ते कर."

कोळशाचा विषारी वायू चिमाबाईच्या छातीत गेला होता; दवाखान्यात नळीने प्राणवायू घेऊन ती परतली. ती लांबच उभी राहिली, तेव्हा मला आता कायमचा निरोप मिळणार असं वाटलं. मग म्हणाली, "फोडू नका. मोकल्यावर काढा त्याला. चार खांब उभारा, वर पत्रा टाका. ताटी मातर एक बी नको."

आता मी रस्त्याकडेला चारी बाजूंनी उघडा आहे. रोट्या फुगतात, लोक वाहवा करतात. पूर्वीसारखं मूठभर मांस मात्र चढत नाही. पडवीच्या खुंटीला करडाचं रिकामं दावं अजून तसंच आहे, चिमाबाई ते कुणाला काढू देत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरी शेगडी असेल, पाटीत निखारे असतील, माझ्यासारखा एखादा तंदूर असेल. आम्हाला बंद खोलीत पेटवू नका. धूर दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. आधी दार उघडं आहे का ते बघा, मग भाकरीचं बघा.