खेमच्या पोटातला वारा

नारळाच्या शेंड्यावर खेम थरथरायला लागला आणि खाली दोरी धरून उभ्या प्रानोमचा जीव खालीवर झाला. एवढं निबर माकड, नारळ काढायला शिकवलेलं, भर वाऱ्यातही ते पिरगाळून टाकणारं, ते झावळीला मिठी मारून धापा टाकत होतं.

"नाटकं करतोय, ताई," तिचा भाऊ विरात मोटारसायकलवरून उतरायचेही कष्ट न घेता म्हणाला. "लाडावून ठेवलंयस. विकून टाक."

"आधी तुला विकते. कोणी घेत असेल तर!"

प्रानोमच्या मते खेमच्या पोटात वारा धरला होता. कांचनदितच्या नारळबागांत चक्कर आली तरी वारा, छाती धडधडली तरी वाराच. तो चोळून काढण्यात तिच्या आईचा हात नावाजलेला, तिचाही तसाच. रोज संध्याकाळी ती खेमला मांडीवर उताणा घ्यायची, पिवळं तेल लावायची आणि बरगड्यांखाली अंगठे रुतवायची. खेम डोळे पांढरे करायचा, त्याचं काळीज फडफडायचं. "निघतोय बघ!" ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी आणखी जोरात दाबायची. माया होती हो तिची, दुसरं काय!

मग एका सकाळी तो झाडावरून पडलाच. सुरात शहरातल्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवलं. मूत्रपिंडाच्या डोक्यावर जी ग्रंथी असते, तिच्यात लिंबाएवढी गाठ होती.

"ही दाबली की रक्तात एकदम भीती सोडते. वाघ समोर आल्यासारखं काळीज पळतं. पोट कोणी दाबत नाही ना याचं?"

"मीच दाबते, बाई," प्रानोम म्हणाली. "रोज."

बाईंनी पडदा बंद केला. "काळीज पार थकलंय. गाठ काढायला गेलो तर टेबलावरच जाईल. घरी न्या, आहे तोवर शांत राहू द्या."

परतताना विरातने खड्डे चुकवत मोटारसायकल हळूहळू चालवली. त्याने चार शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी ती ओसरीवर बसली. तेलाची बाटली तिने घरी आल्या आल्याच भिरकावली होती. खेम फरफटत आला, नेहमीसारखा तिच्या मांडीवर उताणा पडला. तिचा हात ओढून त्याने पोटावर ठेवला, बरगड्यांखाली, बरोबर त्याच जागी.

"नको रे राजा," ती रडत म्हणाली.

खेम तिच्याकडे बघत, ती चोळायला लागायची वाट पाहत राहिला.