हरीशकाकांचा नेम

सिंगापुरात कावळे मारायला सरकारी परवानगी लागते, आणि ती हरीशकाकांकडे पंधरा वर्षं होती. जहाजदुरुस्तीत आयुष्य घालवलेला हा पुण्याचा गृहस्थ आठवडाभर चारचौघांसारखा वागे आणि रविवारी सकाळी बाराबोर बंदूक घेऊन कावळ्यांच्या मुळावर उठे. नेमबाजी क्लबातल्या मोजक्या मेंबरांना हे काम दिलेलं होतं. एका वर्षी काकांनी एकट्याने नऊशे कावळे पाडले होते. हा आकडा ते मुलाच्या दहावीच्या मार्कांसारखा, कोणी विचारलं नसतानाही सांगत.

सुगत मेश्राम हा त्यांचा चेला. वय सत्तावीस, चिप बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर, मुक्काम सेंगकांगला भाड्याच्या खोलीत. मराठी मंडळाच्या एका जेवणात काकांनी त्याला आडनाव विचारलं. आडनाव सांगितलं की समोरच्याला अचानक आपल्या पानातली कोशिंबीर फार महत्त्वाची वाटू लागते, याची सुगतला सवय होती. इथे उलटंच झालं. "मेश्राम? नागपूरचे? वा वा वा!" म्हणत काकांनी खुर्ची जवळ ओढली. "बंदूक चालवायला शिकशील का रे?"

सुगत जागच्या जागी पाघळला. एवढ्याशा बेटावर लाखो माणसं, पण रविवारी त्याला आपणहून फोन करणारं आईशिवाय कोणी नव्हतं. आता काका करू लागले.

आईला, म्हणजे सरलाबाईंना, त्याने "रविवारी मैदानावर जातो" एवढंच सांगितलं. घरी रोज संध्याकाळी पंचशील म्हणत तो वाढलेला, आणि त्यातलं पहिलंच शील कुठल्याही जिवाला न मारण्याचं. सरावासाठी हवेत उडवतात त्या मातीच्या तबकड्यांना जीव नसतो, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि पाच महिने तबकड्या फोडल्या. पंचवीसपैकी अठरा फुटायला लागल्या तशी आपला मदतनीस म्हणून त्याचीही परवानगी काढून काका म्हणाले, "आता खरा पक्षी."

तो रविवार बिशानला उजाडला. हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या, मागे पट्टी बांधून माणसं अडवली होती आणि लिम नावाचा अधिकारी हातात तक्ता घेऊन उभा होता. बंदुका पिशवीत ठेवून काकांनी पहिला धडा दिला. "कावळा माणूस ओळखतो, बंदूक त्याहून चांगली ओळखतो. ती दिसली की गेलाच समज. म्हणून शेवटच्या क्षणाला काढायची."

सुगतने शेवटच्या क्षणाला काढली आणि शेवंतीच्या कुंडीचा निकाल लावला. दुसऱ्या बाराला एक फांदी पडली. कावळे लांबच्या छपरावर बसून काव काव करत राहिले, आणि ते हसताहेत अशी सुगतची खात्री पटली.

"काका, तुम्ही मारून दाखवा ना एक."

"छे, आज तुझा दिवस."

काकांची पिशवी उघडलीच नव्हती. लिम तक्ता हलवत जवळ आला. "अंकल, हाफ इयर ऑलरेडी झीरो. टुडे झीरो अगेन, आय मस्ट टेक आउट युवर नेम, लाह."

सुगत चाट पडला. नऊशेवाले काका, आणि सहा महिन्यांत शून्य?

तेवढ्यात एक म्हातारा कावळा टेबलांखालून बाहेर आला. डाव्या पायाने लंगडत, कोणाच्या बापाला न भिता, तो वीस पावलांवर येऊन थांबला. सुगतने अलगद बंदूक उचलली. काका मात्र पांढरेफटक पडले.

"बाबा असेच चालायचे," ते म्हणाले. "डावा पाय ओढत."

मग सगळं बाहेर आलं. सहा महिन्यांपूर्वी काकांचे वडील गेले. दहाव्याला पुण्याच्या घाटावर दोन तास पिंडाला कावळा शिवेना. आईला सांभाळीन, धाकट्याला घर देईन, काकांनी हवी ती वचनं दिली. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून वेळ मारून नेली. तेव्हापासून चाप ओढायला गेलं की काकांचं बोट आखडायचं.

"मग मी कशाला?" सुगतने विचारलं.

काका खाली बघत म्हणाले, "तुमच्यात कावळ्याचं काही नसतं ना. म्हटलं, तू मारशील, तो माझ्या खात्यावर लागेल, आणि माझं नाव यादीत राहील."

म्हणजे ते "वा वा वा" यासाठी होतं. सुगतला ते फार लागलं. त्यापेक्षा कोशिंबीर बरी होती.

"नसतंच," तो म्हणाला. "पिंडदान करणार नाही, ही आमची प्रतिज्ञाच आहे. पण आमच्यात मारणंही नसतं, पहिलंच शील आहे ते, काका. ते विचारलंत कधी?"

त्याने नळी कावळ्यावर धरली. आंधळ्यालाही चुकला नसता. काकांनी डोळे मिटले आणि "मार" म्हणाले. सुगतला खरंच मारायचं होतं, फक्त कावळ्याला नाही. कावळा मान तिरकी करून त्याच्याकडे बघत होता. सुगतने बंदूक उघडली आणि काडतूस काढून खिशात टाकलं.

"बाबांना हवं काय होतं तुमच्या?"

"कावळे मारणं सोड, दर फोनवर सांगायचे. तेवढं एक सोडून सगळी वचनं दिली मी."

"मग द्या आता."

"इथे? ना भटजी, ना भात."

भात नव्हता, पण न्याहारीसाठी आणलेला, बटाट्याचं सारण भरलेला करी पफ होता. काकांनी तो कागदावर ठेवला, दोन पावलं मागे सरून हात जोडले आणि पुटपुटले, "बाबा, सोडलं." कावळा हलला नाही. काकांचा चेहरा रडवेला झाला.

"पहिला धडा विसरलात," सुगत म्हणाला. आपली बंदूक पिशवीत घालून तो दोन्ही पिशव्या लिमच्या गाडीमागे घेऊन गेला. प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा, म्हणून पाठ करून उभा राहिला. बराच वेळ काही ऐकू आलं नाही. आपण कोणाच्या बापाच्या दहाव्याला ताटकळलोय, असा विचार येऊन त्याला हसू फुटणार एवढ्यात मागून बोंब आली.

"सुगत! अरे नेलं! अख्खं नेलं!"

काका फरशीवर फतकल मारून रडत होते. "बटाट्याचं काहीही चालायचं रे त्यांना," ते म्हणाले.

"हाऊ मेनी?" लिमने विचारलं.

"झीरो," सुगत म्हणाला. लिमने काकांच्या नावावर रेघ मारली.

परतीच्या मेट्रोत सुगत स्टेशनं मोजत बसला. आता बंदूक नाही, म्हणजे चेलाही नको, हे सुगतला कळत होतं. पुढच्या रविवारी तो उगाच लवकर उठला, फोन उशाशी ठेवला आणि स्वतःवरच चिडून दात घासायला गेला.

साडेसातला फोन वाजला. तोंडात फेस तसाच ठेवून त्याने उचलला.

"मेश्राम," काका म्हणाले, "काकू पोहे करतेय, निघ लगेच. आणि हो, तुमचं ते दुसरं शील काय आहे ते सांग. पहिलं तर जमलंय आठवडाभर."

"चोरी न करणं."

"ते सोपं आहे. पाचवं मात्र सांगू नकोस, ते मला माहितेय, आणि फ्रिजमध्ये बिअर आहे."